ढोल्याच्या उरलेल्या गोळ्या

मित्रांनो, मी चिंधी नावाची एक म्हातारी, आंधळी मांजर आहे. म्हातारपण मला वेळेवर आले. आंधळेपण मात्र फार आधी आले, आणि ते वयाने दिलेले नाही. माझ्यावर जीव टाकणाऱ्या माणसांनी ते मला उकडलेल्या माशाच्या तुकड्यात लपवून, पाठीवरून हात फिरवत, स्वतःच्या हाताने भरवले. हे कसे घडले, तेच आज मला सांगायचे आहे.

माझा जन्म एका पोत्यात झाला. जुने सोफे आणि खुर्च्या मढवून देणारे ते दुकान होते. खाली दुकान, वर दोन खोल्यांचे घर. कापडाचे उरलेसुरले तुकडे एका मोठ्या पोत्यात टाकत, आणि माझ्या आईला तीच जागा पसंत पडली. पुढे आई कुठेतरी गेली ती परत आली नाही. मी भुकेने रडत होते. तेवढ्यात मखमलीचा एखादा तुकडा मिळतो का बघायला कुणीतरी पोत्यात हात घातला आणि मलाच बाहेर काढले.

"अगंबाई! ही चिंधी ओरडते की!"

ती आक्का. त्या क्षणापासून माझे नाव चिंधी पडले आणि आक्का माझी झाली.

आक्का मशीनवर खोळी शिवत असे. तिचा धाकटा भाऊ लाकडी सांगाड्यावर स्प्रिंगा बांधायचा, काथ्या आणि कापूस भरायचा, वरून कापड ताणून बसवायचा. सगळी गल्ली या भावाला मास्तर म्हणायची. केस पांढरे झाले होते तरी आक्का त्यांना बाळ्याच म्हणे. दोघांनाही दुसरे कुणी नव्हते. मास्तरांना चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात धरून काम करायची सवय होती. एकेक चूक ओठांतून काढायची, कापडावर ठेवायची, हातोडीने ठोकायची. गिऱ्हाईक म्हणाले, "मास्तर, काम बिनचूक हवं हं," की ते चुका तोंडात तशाच ठेवून म्हणत, "चुकांशिवाय आमचा धंदा चालायचा कसा?" हा विनोद रोज होई आणि आक्का रोज कपाळावर हात मारी.

मी मोठी झाले आणि कामाला लागले. सोफ्यातल्या कापसात उंदीर घर करतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. दुरुस्तीला आलेल्या जुन्या खुर्चीतून अख्खे कुटुंब बाहेर पडायचे. मी कापडाच्या गुंडाळ्यांच्या उतरंडीवर सर्वांत वर बसत असे. तिथून सगळे दुकान दिसायचे. खाली काही हलले की थेट झेप. माझी झेप कधी वाया गेली नाही. मास्तर गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या दुकानात ही एकच कामाची आहे, बाकी आम्ही दोघं नुसते शिवतो."

दुकानाची राखण ढोल्याकडे होती. ढोल्या म्हणजे तांबूस रंगाचा धिप्पाड कुत्रा. त्याला उचलायचे तर दोन माणसे लागत. मला आक्का एका हाताने उचलून खांद्यावर टाके. पोस्टमनवर भुंकायचे आणि उरलेला दिवस झोपायचे, एवढेच त्याचे काम. मी त्याच्या पोटावर झोपत असे. ते पोट खालीवर व्हायचे आणि मी त्याबरोबर.

एकदा ढोल्याच्या पुढच्या पायात चूक घुसली. जमिनीवर पडलेली, गंजलेली. मास्तरांनी ती उपटून काढली, पाय धुतला, पण पंजा सुजला आणि त्यातून घाण वास येऊ लागला. तेव्हा बहीणभावांनी त्याला हातगाडीवर बसवून जनावरांच्या दवाखान्यात नेले. परत आले तेव्हा त्याच्या पायाला पांढरी पट्टी होती आणि आक्काच्या हातात गोळ्यांचे पाकीट. डॉक्टरीणबाईंनी ढोल्याचे वजन करून, त्या वजनाला लागू पडेल तेवढी गोळी लिहून दिली होती. त्या गोळ्या जखमेतले जंतू मारणार होत्या. बाईंनी बजावून सांगितले होते, की जखम भरलेली दिसली तरी पाकीट संपेपर्यंत गोळ्या द्यायच्या, उलट्या किंवा जुलाब झाले तर लगेच कळवायचे, आणि शेवटी पाय पुन्हा दाखवायला आणायचा. आक्काने घरी आल्यावर ते सगळे मास्तरांना पुन्हा म्हणून दाखवले, कारण मास्तरांचे लक्ष तिथे ढोल्याच्या रडण्याकडे होते.

गोळी देणे म्हणजे रोजची कुस्ती होती. मास्तर जबडा धरत, आक्का गोळी घशाशी सरकवे, ढोल्या गिळल्यासारखे करी आणि थोड्या वेळाने ती गोळी कापडाच्या गुंडाळीमागे सापडे. तरी जेवढे औषध पोटात गेले तेवढ्याचाही गुण आला. सूज उतरली, कातडे जुळले, ढोल्या चारी पायांवर उड्या मारू लागला. पाकिटात बऱ्याच गोळ्या शिल्लक होत्या.

"पुरे आता," मास्तर म्हणाले. "चांगला चालतोय. उगाच पोटात औषध कशाला कोंबायचं?"

"अरे, पण त्या म्हणाल्या होत्या ना, संपेपर्यंत द्या म्हणून?"

"डॉक्टर म्हणणारच. राहू देत. घरात असलेल्या बऱ्या, पुढेमागे उपयोगी पडतील."

त्यांनी ते पाकीट खडू, अंगुस्तान आणि सुयांच्या खणात टाकले. पाय दाखवायला नेण्याचेही राहून गेले. ढोल्याच्या पंजात आत, खोलवर, काही जंतू जिवंत उरले आहेत, हे वरून कुणालाच दिसण्यासारखे नव्हते.

त्यानंतर मला सर्दी झाली. शिंकांवर शिंका, नाक चोंदलेले, डोळ्यांतून पाणी. जेवणाचा वास येईना म्हणून मी जेवेना. आक्का कासावीस झाली. पण तेव्हा दुकानात एका नाटकगृहाच्या खुर्च्या आल्या होत्या. पाय ठेवायला जागा नव्हती आणि दोघांना मान वर करायला फुरसत नव्हती.

"हिला दवाखान्यात न्यायला हवं," आक्का म्हणाली.

"नेऊ. या खुर्च्या जाऊ देत." मास्तर थोडा वेळ हातोडी ठोकत राहिले. मग म्हणाले, "अगं, ढोल्याच्या गोळ्या आहेत की! त्यातली दे."

"ती कुत्र्याची आहे रे."

"औषध ते औषधच. ही लहान आहे, म्हणून अर्धी दे."

मित्रांनो, अर्धी हा शब्द ऐकायला किती सावध वाटतो! आक्काच्या मनाचेही त्या शब्दाने समाधान झाले. पण ढोल्या केवढा आणि मी केवढी! त्याच्या गोळीची अर्धी ही माझ्यासाठी कितीतरी पट जास्त होती. आणि हे जे औषध कुत्र्याला सोसते, ते मांजरीला जास्त झाले तर थेट डोळ्यांवर जाते, हे त्या दुकानात कुणालाही माहीत नव्हते. विचारले असते तर कळले असते. दवाखाना काही परगावी नव्हता.

आक्का कात्रीने गोळी कापून मासळीच्या तुकड्यात लपवून रोज मला देऊ लागली. मी ढोल्यासारखी नव्हते. आक्काने दिले ते मी खाल्ले.

शिंका कमी झाल्या. "बघ, लागू पडली," मास्तर म्हणाले. आक्काने कौतुकाने माझे तोंड पुसले. आणि त्याच सुमारास मला उजेड खुपू लागला. दारातून येणारे ऊन असे अंगावर यायचे, की मी तोंड फिरवून बसत असे. मग वस्तूंच्या कडा विरघळू लागल्या. खुर्चीचा पाय कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते, ते समजेना.

"बाळ्या, हिचे डोळे बघ रे," आक्का म्हणाली. "कसे टपोरे, काळेभोर झालेत! किती छान दिसतात!"

माझ्या बाहुल्या भर उन्हातही आकसत नव्हत्या. तेच तिला छान दिसत होते.

एका दुपारी खाली कापसात खसफस झाली. मी उतरंडीवरून झेप घेतली ती थेट टेबलाच्या कडेवर आदळले. उंदीर आरामात निघून गेला. मास्तर आधी हसले. मग मी उठून चालू लागले आणि ढोल्यावर धडकले, तिथून मशीनच्या पायावर, तिथून भिंतीवर. मग कुणी हसले नाही.

मास्तरांनी मला टोपलीत घातले आणि ते एकटेच दवाखान्यात घेऊन गेले. आक्काला येता आले नाही, कारण नाटकगृहाचा माणूस खुर्च्या न्यायला येणार होता. डॉक्टरीणबाईंनी मला थंडगार टेबलावर ठेवले. माझ्या डोळ्यांत बारीक दिव्याचा उजेड टाकला, बराच वेळ आत पाहिले, आणि विचारले,

"काका, हिला काही औषध दिलं होतं का? गोळी, थेंब, काहीही? घरात पडलेलं, माणसांचं, कुत्र्याचं?"

टोपलीचा कान मास्तरांच्या हातात कुरकुरत होता.

"काही नाही," ते म्हणाले.

"आणि ढोल्या? त्याला पुन्हा दाखवायला आणलं नाहीत."

"ठणठणीत आहे तो. सगळ्या गोळ्या संपवल्या."

ते वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. गोळीचा आणि डोळ्यांचा काही संबंध असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. माझ्या गोळीचे सांगावे तर ढोल्याच्या अर्धवट सोडलेल्या पाकिटाचेही सांगावे लागेल आणि ही तरुण बाई आपल्याला चार शब्द सुनावेल, एवढ्याच संकोचाने ते खोटे बोलले. डॉक्टरीणबाईंनी माझा रक्तदाब घेतला, रक्त काढले, मूत्रपिंडाच्या तपासणीला पाठवले. ज्या वाटेवर काहीच नव्हते, त्या वाटेने त्या बिचाऱ्या शोधत गेल्या.

घरी येताच आक्काने विचारले, "काय म्हणाल्या?"

"तपासण्या पाठवल्यात."

"आणि गोळी? चालूच ठेवायची ना?"

"त्याबद्दल काही बोलल्या नाहीत," मास्तर म्हणाले आणि हातोडी उचलून कामाला लागले.

त्या संध्याकाळी आक्काने मला पुन्हा अर्धी गोळी दिली. नंतरही देत राहिली.

माझ्याजवळ अजून थोडासा उजेड उरला होता. खिडकी कुठल्या बाजूला आहे, दिवा लागला की विझला, एवढे तरी कळत होते. मग तेही कळेनासे झाले. एका सकाळी मी जिन्याच्या तोंडाशी आले, पायरी आहे समजून पाय टाकला आणि खालपर्यंत घरंगळत गेले. आक्काने मशीन तशीच सोडली, मला पदरात गुंडाळले आणि कुणाला न सांगता दवाखाना गाठला.

"मावशी, तपासण्यांत काहीच निघालं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त चांगलं आहे, मूत्रपिंड चांगलं आहे. मला समजत नाहीये."

"मग ही सर्दीची गोळी चालूच ठेवू ना?" आक्काने पाकीट पुढे केले.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट हातात घेऊन त्यावरचे नाव वाचले.

"ही मी हिला दिलेली नाही, मावशी."

"ढोल्याची आहे. उरली होती. अर्धीच देते. बाळ्यानं सांगितलं नाही का तुम्हाला?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि आक्काला बसवले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे आक्का पुढे म्हणे. त्यांनी शांतपणे सांगितले, की हे औषध मांजरीच्या अंगात जास्त झाले तर डोळ्याच्या आतला पडदा खराब होतो. शिवाय मला झाली होती तसली साधी सर्दी बहुतेक वेळा आपोआपच बरी होते. त्या सर्दीवर या गोळीचा उपयोगच नव्हता.

"परत येईल का हो नजर?"

"काहींची थोडी येते. हिचं मी सांगू शकत नाही. काकांनी त्या दिवशी सांगितलं असतं, तर गोळी तिथेच थांबवली असती. कदाचित थोडी नजर वाचली असती, कदाचित नसतीही."

"म्हणजे मी... माझ्या हातानं..." आक्का म्हणाली. तिने मला पुन्हा पदरात गुंडाळले.

आम्ही परतलो तेव्हा मास्तर एका खुर्चीवर वाकले होते. हातोडीचा आवाज चालू होता.

"बाळ्या," आक्का म्हणाली, "तोंडातल्या चुका काढ आणि मला सांग. डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं होतं?"

हातोडी थांबली. त्यांनी एकेक चूक ओठांतून काढून तळहातावर ठेवली. मला प्रत्येक चुकेचा आवाज ऐकू आला.

"विचारलं होतं."

"मग?"

"लाज वाटली, आक्का."

आक्का ओरडली नाही. ती मशीनवर जाऊन बसली आणि तिने भावाशी बोलणे सोडले. स्वयंपाक करी, ताट वाढून झाकून ठेवी, कापड हवे असेल तर मला सांगितल्यासारखे मोठ्याने सांगे. दुकानात नुसता मशीनचा आणि हातोडीचा आवाज. मास्तरांनी तो चुकांचा विनोद पुन्हा कधी केला नाही.

या सगळ्यात ढोल्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. त्याच्या पंजातून येणारा तो जुना, घाण वास मला सर्वांत आधी आला, पण मी सांगणार कुणाला? तो लंगडू लागला तेव्हा सूज पार वरपर्यंत चढली होती. या वेळी मास्तर त्याला घेऊन धावत गेले आणि एकही गोष्ट न लपवता सगळे सांगून मोकळे झाले. पण त्या खरे बोलण्याला आता उशीर झाला होता. पू तपासून आला. उरलेल्या जंतूंवर आधीच्या गोळ्यांचा काही परिणाम होत नव्हता. कीड हाडात शिरली होती. दुसरी, जहाल इंजेक्शने झाली. मग पाय खांद्यापासून काढावा लागला. तरी ताप उतरेना, कारण विष रक्तात पसरले होते.

ढोल्याला घरी आणून मास्तरांनी त्याच्यासाठी नवी गादी भरली. जन्मात त्यांनी इतकी मऊ गादी कुणासाठी भरली नसेल. मी चाचपडत त्याच्या पोटावर जाऊन झोपले. ते पोट फार तापले होते आणि घाईघाईने खालीवर होत होते. मग हळूहळू होऊ लागले. मग एका दुपारी, रस्त्यावर नेहमीची वर्दळ चालू असताना, ते खाली गेले आणि वर आलेच नाही.

मास्तर गादीशेजारी जमिनीवर बसून राहिले. दुकानात गिऱ्हाईक आले, उभे राहिले, परत गेले. मशीन थांबली. आक्काची पावले जवळ आली.

"ऊठ, बाळ्या," ती म्हणाली. कितीतरी काळाने ती त्यांच्याशी बोलत होती. "एकट्याला उचलवायचा नाही तो तुला. मी धरते."

दोघांनी मिळून त्याला उचलले. त्यानंतर ती भावाशी बोलू लागली, पण पूर्वीसारखे खळखळून नाही. काही गोष्टी उसवल्या की पुन्हा शिवल्या तरी टाका दिसतो. खणातल्या उरलेल्या गोळ्या मास्तरांनी केरात टाकल्या नाहीत, मोरीतही सोडल्या नाहीत. दवाखान्यात नेऊन डॉक्टरीणबाईंच्या हवाली केल्या.

माझी नजर आली नाही. मी दुकान मिशांनी आणि कानांनी पुन्हा शिकले. उंदीर माझ्यासमोरून जातात, मी त्यांची पावले ऐकते आणि गप्प बसते. गुंडाळ्यांच्या उतरंडीवर मी पुन्हा कधी चढले नाही.

काही काळाने शेजारची लाँड्रीवाली दुकानात आली. तिच्या घरी मांजरीचे नवे पिल्लू होते.

"मास्तर, तुमच्या ढोल्याच्या त्या गोळ्या उरल्यात का हो? पिल्लाला जुलाब लागलेत. एवढ्याशा जिवासाठी दवाखान्यात कुठे जाऊन बसू? चिमूटभर चुरा करून देईन."

मास्तरांनी मला उचलले आणि तिच्या हातात दिले.

"हिच्या डोळ्यांत बघा," ते म्हणाले.

"किती टपोरे आहेत!"

"तिला तुम्ही दिसत नाही. उजेड दिसत नाही. मी म्हटलं, अर्धीच दे. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हटलं, काही दिलं नाही." "पिल्लू कुठाय? आणा त्याला. मी येतो तुमच्याबरोबर."

भर कामाच्या वेळी त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि ते तिच्याबरोबर गेले. ते पिल्लू वाचले की नाही, ते मला विचारू नका. फार अशक्त होते ते. पण निदान त्याच्या पोटात कुणा दुसऱ्याचे औषध गेले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी कुत्रा, कुणी मांजर असेल. आम्ही आजारी पडलो तर आम्हाला तपासून, आमचे वजन करून, आमच्यासाठी लिहिलेलेच औषध द्या. एकाचे दुसऱ्याला देऊ नका. आम्ही बरे दिसू लागलो म्हणून मनाने थांबवू नका, आणि औषधाने त्रास होतो असे वाटले तर मनाने चालूही ठेवू नका. दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारा. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवलेली गोळी आमच्या घरात कशी उपयोगी पडली, ते तुम्ही ऐकलेत.

आणि एक शेवटचे. त्या थंडगार टेबलावर मी बसले होते तेव्हा सगळे मला माहीत होते. गोळीची कडू चव माझ्या जिभेवर होती. प्रश्न माझ्याविषयी होता, डोळे माझे होते, पण उत्तर मास्तरांनी द्यायचे होते. तिथे आमची जीभ तुमच्या तोंडात असते. डॉक्टर विचारतील तेव्हा खरे सांगा.